ऐतिहासिक उकिरड्याचे राखणदार

दिव्याच्या खांबाला बांधलेला, नव्या बांधकामाच्या अर्जाचा पिवळा कागद दिसला की डॉक्टर देवधर थांबतात. कपाळावरचा चष्मा नाकावर घेतात आणि कुणाला कुठे काय बांधायचंय ते भर रस्त्यात मोठ्यांदा वाचतात. "गेला! कुणाच्या तरी खिडकीतला उजेड गेला," म्हणतात, आणि घरी जाऊन कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या महापालिकेकडे, हरकत नोंदवतात.

देवधर माझे शेजारी. तरुणपणी पुण्याहून लेस्टरला आले, इथल्या हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ होते. जन्मभर लोकांना झोपवलं; रिटायर झाल्यावर कौन्सिलची झोप उडवायचं काम हाती घेतलं. मी सॉफ्टवेअरवाला, भाड्याने राहणारा. पण माझ्याकडे गाडी आहे, म्हणून प्रत्येक लढाईत सारथ्य माझ्याकडे.

गेल्या वर्षी मोठी लढाई झाली. सरकारने आमच्या कौन्सिलला वरून आकडा दिला: इतकी घरं व्हायलाच हवीत, कुठे ते तुम्ही ठरवा. लग्नात आलेला नकोसा टी-सेट घरोघर फिरतो, तसा तो आकडा गावभर फिरला. गोल्फवाले म्हणाले, शेतात बांधा. शेताजवळचे म्हणाले, कार पार्कात बांधा. दुकानदार म्हणाले, मग गिऱ्हाइकांनी गाड्या काय डोक्यावर लावायच्या? शेवटी नकाशावरचं लाल वर्तुळ आमच्या मागच्या बंद बस डेपोवर येऊन बसलं. थेट देवधरांच्या किचनसमोर.

"मंदार, गैरसमज नको. तत्त्वतः घरं हवीतच," देवधर म्हणाले. "पण त्या डेपोला हेरिटेज व्हॅल्यू आहे."

"काका, परवापर्यंत तुम्ही त्याला उकिरडा म्हणत होतात."

"ऐतिहासिक उकिरडा!"

त्यांनी अख्खी गल्ली उठवली. डेपोत कोल्हे आहेत, कायद्याने संरक्षित वटवाघळं आहेत, ट्रॅफिक वाढेल, जीपीची, म्हणजे फॅमिली डॉक्टरची, अपॉइंटमेंट मिळणार नाही. कौन्सिलच्या प्लॅनिंगमधल्या बाई त्यांना येताना पाहिलं की आधी बिस्किटांची बशी पुढे करायच्या, मग नकाशा.

शेवटची जाहीर सभा लायब्ररीत होती. जो उठेल तो "मी घरांच्या विरोधात नाही" अशी सुरुवात करून घरांच्या विरोधात बोलत होता. मग मागून एक मुलगी उठली. नर्सचा युनिफॉर्म, सातवा-आठवा महिना असावा.

"आम्ही दोघं एका खोलीत राहतो," ती इंग्लिशमध्ये म्हणाली. "बाळ झालं की लँडलॉर्ड ठेवणार नाही. ही घरं होईपर्यंत माझं मूल शाळेत जायला लागेल. तरी बांधा. पुढच्या कुणालातरी मिळतील."

पुढचं नाव देवधरांचं होतं. ते उठले, हातातल्या कागदांकडे पाहिलं, म्हणाले, "मला काही बोलायचं नाही," आणि बसले. प्लॅनिंगच्या बाईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

बाहेर बसस्टॉपवर ती मुलगी फोनवर मराठीत बोलत होती. देवधरांनी मला गाडी थांबवायला लावली.

"कुठली गं तू?"

"नागपूरची, काका. स्नेहल."

"बस गाडीत. सोडतो तुला." गाडी माझी होती, पण असो.

वाटेत त्यांनी तिला वॉर्ड विचारला, जेवण कुठे करतेस विचारलं, खोलीचं भाडंही विचारलं.

रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. "जरा येतोस? पलंग हलवायचाय."

इतक्या वर्षांत मी त्यांच्या वरच्या मजल्यावर पहिल्यांदाच गेलो. तीन बेडरूम, तिन्ही बंद. काकू गेल्यापासून देवधर खाली सोफ्यावर झोपत होते. मुलगी सिडनीत. पलंगावरची चादर काढली तर धूळ उडून दोघंही खोकायला लागलो.

"वर आलं की फार शांत वाटायचं रे," ते खिडकी उघडत म्हणाले. "म्हणून येत नव्हतो."

पुढच्या आठवड्यात स्नेहल आणि तिचा नवरा राहायला आले. डेपोची योजना मंजूर झाली. आता देवधरांची हरकत अशी की कौन्सिल फार सावकाश बांधतं.

काल संध्याकाळी त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. सरकारवर तोंडसुख घेणं चाललं होतं. बोलता बोलता ते एकदम थांबले आणि छताकडे पाहू लागले. वर कुणीतरी रडणाऱ्या बाळाला घेऊन येरझाऱ्या घालत होतं.

मी काहीतरी बोलायला गेलो. त्यांनी हातानेच मला गप्प केलं. चहा गार झाला तरी ते ऐकतच बसले होते.