संधी आणि अभिनंदन यांचा परस्परसंबंध

धुळ्याहून सोनगीरकडे जाताना डाव्या हाताला लागणाऱ्या तापी-पांझरा विद्यापीठात गेल्या तीन वर्षांत अध्यापक व कर्मचारी यांच्यासाठी एकशे बारा संधी जाहीर झाल्या. त्यांवर सुमारे एकोणतीस हजार अभिनंदने नोंदवली गेली. अर्ज मुदतीत एकही गेला नाही.

या संधी ‘वार्ता आणि संधी’ या साप्ताहिक वार्तापत्रातून जाहीर होतात. वार्तापत्र दर सोमवारी सकाळी ‘ज्ञानयात्री परिवार’ या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येते. त्याचे तीन भाग असतात. ‘घडले’ या भागात कुणाचा सत्कार झाला ते असते, ‘घडणार’ या भागात कुणाचा होणार ते असते, आणि ‘संधी’ या भागात बाहेरच्या जगाने विद्यापीठाला देऊ केलेल्या गोष्टी असतात : प्रशिक्षणे, पाठ्यवृत्त्या, परिषदा, मोठ्या उपकरणांचा वापर. एकदा पाणबुडीतून समुद्रतळ पाहण्याचेही निमंत्रण होते. (धुळ्यापासून समुद्र लांब असल्याने त्यावर नेहमीपेक्षा अधिक अभिनंदने आली.) मजकुराचे मुद्रितशोधन दोन वेळा होते, आणि त्यात आजवर एकही चूक कुणी दाखवून दिलेली नाही. या गोष्टीचा विद्यापीठाला रास्त अभिमान आहे.

पदार्थविज्ञान विभागातील डॉ. प्रज्ञा बैसाणे मूळच्या यावलच्या. घड उतरवल्यावर केळीचे जे खोड बांधावर फेकून देतात, त्यातल्या तंतूची रचना तपासण्यात त्यांची सहा वर्षे गेली होती. हा तंतू ओला असताना अधिक बळकट का होतो, याचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे असे त्यांना वाटत होते. मात्र वाटणे आणि ठाऊक असणे यांतला फरक त्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना स्वतःच शिकवत असल्यामुळे त्यांची अडचण झाली होती. विभागातल्या सूक्ष्मदर्शकाखाली तंतू दोरीसारखा दिसे आणि त्याच्या आतले काही दिसत नसे. आतले दाखवणारे यंत्र इंदूरच्या एका प्रयोगशाळेत होते. एका सोमवारी ‘संधी’ या भागात चौथ्या क्रमांकावर त्याच यंत्रावर तीन महिने काम करण्याची सोय जाहीर झाली. (पात्रता : नियमित सेवेतील अध्यापक, अर्ज योग्य मार्गाने, म्हणजे कुलसचिवांच्या सहीने, नमुन्याचे वर्णन व दोन शिफारशींसह, चौदा सप्टेंबरपर्यंत इंदूरला पोचावा, प्रवासभत्ता नियमानुसार, वाहन स्वतःचे नसावे.) त्यानंतर ते यंत्र मोडीत निघणार होते. नवे कधी येईल याविषयी प्रयोगशाळेने काही म्हटले नव्हते.

प्रज्ञाताई अर्ज घेऊन आस्थापना विभागात गेल्या. तिथे उपकुलसचिव रवींद्र देवरे यांनी अर्जाकडे सहानुभूतीने पाहिले.

“इंदूरची ना? ती गेली, मॅडम.”

“कुणाला गेली?”

“ते काही मी विचारलं नाही.”

“मग गेली हे कसं कळलं तुम्हाला?”

देवरेंनी मोबाइल पुढे केला. चौथ्या क्रमांकाच्या संधीखाली अभिनंदनांची रांग लागली होती. काही फुलांसह होती, काही जोडलेल्या हातांसह, आणि लेखा विभागाचे एक फटाक्यांसह होते.

“एवढी माणसं उगाच करतील का?”

“पण यात नाव कुठे आहे?”

“नाव विचारायचं कसं, मॅडम? सगळ्यांना माहीत असणार. आपण विचारलं की आपल्यालाच माहीत नव्हतं, हे चारचौघांत उघडं पडतं. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच सांगा, बरं दिसतं का?”

त्यांचे म्हणणे तर्काला धरून होते. प्रज्ञाताईंनी मग खासगीत चौकशी केली. संधी रसायनशास्त्राकडे गेली, असे त्यांच्या विभागात समजले. रसायनशास्त्र विभागाच्या माहितीप्रमाणे ती जळगावच्या उपकेंद्रात कुणाला तरी मिळाली होती. जळगावला दूरध्वनी केला तेव्हा तिथले प्राध्यापक म्हणाले, “अहो, तुमच्या धुळ्याच्याच कुणी बाई आहेत. केळीवर काम करतात म्हणे. फार हुशार बाई.”

प्रज्ञाताईंनी कुलगुरूंना लेखी विचारणा केली. तापी-पांझरा विद्यापीठाचा एक जुना व सुटसुटीत प्रघात आहे : जो प्रश्न विचारतो त्याचीच समिती नेमली जाते. (या प्रघातामुळे विद्यापीठात अनुत्तरित प्रश्नांचे प्रमाण राज्यात सर्वांत कमी आहे.) त्याच दिवशी त्यांची एकसदस्य समिती झाली. ‘संधींना प्रतिसाद न मिळण्याच्या कारणांचा शोध’ हे तिचे काम ठरले. शोध पूर्ण होईपर्यंत इंदूरचा अर्ज स्थगित ठेवावा, असा शेरा देवरेंनी त्यावर मारला, कारण चौकशीचा विषय आणि चौकशी अधिकारी यांत हितसंबंध नसावेत.

समितीने प्रथम प्रचलित मते जमवली. खानदेशात ऊन फार, म्हणून लोक अर्ज करत नाहीत, असे एक मत होते. (धुळ्यापेक्षा तप्त गावांतून अर्ज आल्याचे आढळले.) दुसरे मत असे की लोकांना जायचेच नसते. यासाठी प्रश्नावली काढली, तेव्हा शंभरांपैकी शहाण्णव जणांनी ‘संधी मिळाल्यास जाईन’ या चौकटीत खूण केली. उरलेल्या चौघांनी प्रश्नावलीबद्दल समितीचे अभिनंदन केले.

मग प्रज्ञाताईंनी प्रयोग केला. कुलगुरूंच्या परवानगीने पुढच्या अंकात एक संधी घुसवली : ‘सोनगीरच्या किल्ल्यावर भर दुपारी उभे राहून ओल्या बोटाने वाऱ्याचा वेग मोजणे. मानधन नाही. छत्री नेता येणार नाही.’ दुपारपर्यंत तिच्यावर अडीचशेच्या वर अभिनंदने आली. अर्ज आला नाही. त्याच आठवड्यात तीच संधी पुन्हा टाकली. या वेळी फक्त एक बदल होता : ग्रुपवर उत्तर देण्याची सोय बंद ठेवली. संध्याकाळपर्यंत अकरा अर्ज आले. त्यांपैकी दोन विभागप्रमुखांचे होते, आणि एकाने बोटाचा पूर्वानुभव जोडला होता.

आता पहिले अभिनंदन कुठून निघते, एवढेच पाहायचे राहिले. ते प्रत्येक वेळी एकाच ठिकाणाहून निघाल्याचे दिसले.

भाईदास नाना हे विद्यापीठाचे निवृत्त कार्यालय अधीक्षक. ते धुळ्याच्या देवपुरात राहतात. निवृत्तीनंतर त्यांना ग्रुपमधून काढणे आवश्यक होते. पण काढले की ‘काढले’ असे सर्वांना दिसते आणि ते बरे दिसत नाही, म्हणून ते राहिले. प्रज्ञाताई घरी गेल्या तेव्हा नाना ओट्यावर बसले होते आणि त्यांनी आनंदाने खुर्ची पुढे केली.

“बस वं माय. काय काम काढं?”

“नाना, सोमवारी पहिलं अभिनंदन तुमचं असतं.”

“ते तर शेच,” नाना म्हणाले. आवाजात थोडा अभिमान होता. “मी पाच वाजता ऊठस. चहा व्हस, मंग मोबाइल.”

“कुणाचं करता?”

“कोनंबी राहो. कोनले तरी काही भेटनं व्हई, म्हनीसनच छापतस ना?”

“पण नाना, वाचलं तर कळेल ना, की अजून कुणालाच मिळालेलं नाही.”

“वाचत बसू तर उशीर व्हई.” नानांचा आवाज खाली आला. “माय, एक डाव साहेबनं अभिनंदन कराले माले उशीर व्हयना. साहेबनी माले तीन वरीस नवापूरले धाडं. पोरंसनी शाळा आठे, मी तठे. तवयपाईन मी उशीर करत नही.”

प्रज्ञाताई म्हणाल्या, “तो साहेब आता ग्रुपवर आहे का?”

“मरी गया तो. दहा वरीस व्हयनात.”

“मग आता वाचून टाकत जा, नाना. आणि नाव घालून टाका. म्हणजे घोटाळा होणार नाही.”

नानांनी ते मनावर घेतले. आयुष्यभर वरिष्ठांचे ऐकलेला माणूस होता.

समितीने तोंडी निष्कर्ष सांगताच इंदूरला अद्याप कुणीही गेलेले नाही हे कार्यालयाला मान्य करावे लागले. स्थगिती उठली आणि प्रज्ञाताईंचा अर्ज सहीसाठी कुलसचिवांच्या टेबलावर गेला. मुदत संपायला तेव्हा थोडेच दिवस उरले होते. ही बातमी आस्थापना विभागातून देवपुरात पोचली. दुसऱ्या दिवशी पहाटे नानांनी चष्मा लावला, वार्तापत्रातला चौथा क्रमांक शोधून काढला, तो दोनदा वाचला आणि मोबाइलवर जपून टाइप केले : ‘इंदूरसाठी डॉ. प्रज्ञाताई बैसाणे यांचे हार्दिक अभिनंदन.’

तीन वर्षांत प्रथमच अभिनंदनाला नाव होते. परिवाराला हायसे वाटले. सकाळच्या चहापर्यंत सगळ्यांची अभिनंदने येऊन गेली. यावलमध्ये पार्वताबाईंनी, म्हणजे प्रज्ञाताईंच्या आईंनी, गल्लीत पेढे वाटले. प्रज्ञाताईंनी ग्रुपवर लिहिले, ‘मला काहीही मिळालेले नाही. मी केवळ अर्ज केला आहे.’ या विनम्रतेबद्दल वेगळी अभिनंदने आली.

विद्यापीठाने सत्कार ठरवला. तो शाल, श्रीफळ आणि ग्रंथ अशा स्वरूपाचा होता. (ग्रंथ म्हणून ‘वार्ता आणि संधी’च्या अंकांचा बांधीव खंड दिला जातो; शिल्लक भरपूर आहे.) सभागृह मोकळे मिळाले ते नेमके मुदत संपण्याच्या दिवशी. त्या दिवशी सकाळी प्रज्ञाताई आस्थापना विभागात जाऊन बसल्या.

“देवरे सर, सही झाली की मी स्वतः बसने इंदूरला नेऊन देते. दुपारी निघाले तरी पोचेन.”

“सही करणारे साहेब तुमच्याच सत्काराच्या तयारीत आहेत, मॅडम. अध्यक्षस्थान त्यांच्याकडे आहे.”

व्यासपीठावर शाल अंगावर पडत असताना प्रज्ञाताईंनी कुलसचिवांपुढे कागद आणि पेन धरले. कुलसचिव वाकून हळूच म्हणाले, “अहो बैसाणे मॅडम, सत्कार चालू असताना कुणी अर्ज करतं का? लोक काय म्हणतील? मिळालंय की नाही अशी शंका येईल.” आणि त्यांनी ते पेन परत करण्याऐवजी आदराने शालीत खोचले.

सही दुसऱ्या दिवशी झाली. अर्ज मुदतीनंतर आल्याचे इंदूरने नम्रपणे कळवले. यंत्र पुढे मोडीत निघाले. केळीचा तंतू ओला असताना अधिक बळकट का होतो, याविषयी डॉ. बैसाणे यांना आजही फक्त वाटते. ‘घडले’ या भागात मात्र त्यांची इंदूरची निवड छापून आली आणि ती दुरुस्त झालेली नाही, कारण वार्तापत्रात चूक नसते.

समितीचा लेखी अहवाल पुढच्या सोमवारी प्रसिद्ध झाला. तो एका परिच्छेदाचा आहे : ‘पहिले अभिनंदन करणारा संधी वाचत नाही. त्यानंतरचे सर्वजण पहिले अभिनंदन वाचतात. अभिनंदन झाले म्हणजे निवड झाली, असे धरले जाते. निवड कुणाची झाली, हे विचारायची प्रत्येकाला लाज वाटते. म्हणून अर्ज येत नाहीत. अन्य कारण आढळले नाही.’

अहवालावर नेहमीइतकी अभिनंदने आली. पहिले नानांचे नव्हते. ते अजून वाचत होते.

इंदूरला अर्ज पोचण्याची शेवटची तारीख वर एकदा स्पष्ट दिलेली आहे. ज्या वाचकांना ती मागे न पाहता सांगता येत नाही, त्यांचे ज्ञानयात्री परिवारातर्फे हार्दिक अभिनंदन.