उजळ माथ्याच्या रेजिना आंटी

रेजिना आंटी कुणाला "बरी आहेस का?" असं कधी विचारत नसत. त्या आधी रंग विचारत. "काळी पडलंस गो. खंय उन्हात फिरतंस?" माझं त्यांच्याशी पहिलं बोलणं हेच. मी मालवणात शाळेत नोकरीला लागून आठवडाही झाला नव्हता, आणि मुळात सावळी असल्यामुळे काळी पडायला फारशी जागाही नव्हती.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. चर्चच्या मागे आमची घरं कुंपणाला कुंपण लागून होती. आंटी साठीच्या आसपासच्या, अविवाहित. घरात त्या आणि त्यांच्या भावाची पोरकी मुलगी फिलू. आंटींचा स्वतःचा रंग चांगलाच काळा होता. त्यावर पावडरचा जाड थर असे, त्यामुळे चेहरा घावनाचं पीठ नुकतंच पसरलेल्या बिडाच्या तव्यासारखा दिसे. दर रविवारी मिस्सा सुटली की त्या चर्चच्या पायरीवर उभ्या राहत आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बाईचा निकाल लावत. ही उजळली. ही काळवंडली. हिला सासर मानवलं नाही.

फादर प्रवचनात सांगत, देव चेहरा पाहत नाही, अंतःकरण पाहतो. नाताळच्या देखाव्यात मात्र मारिया म्हणून दरवर्षी डॉक्टरांची गोरीपान मुलगी बसे. अंतःकरणं कधी तपासली होती, कोण जाणे. आंटी निदान दुटप्पी नव्हत्या. "देवान माणूस मातयेचो केल्यान, ता खरा," त्या म्हणत, "पण माती खंयची, ता बघूक होया."

एकदा मी त्यांच्या घरातल्या निळ्या डोळ्यांच्या येशूकडे बोट दाखवून म्हटलं, "आंटी, हा उन्हाच्या देशातला. हा इतका गोरा कसा असेल?"

आंटींनी विचार केला. "उन्हात फिरलो तो, म्हणान काळवंडलो असतलो. मूळचो गोरोच."

या घरात फिलू वाढली. हसरी, उंच, आणि आंटींइतकीच काळी. मसुराचं पीठ, साय, मुंबईहून कुणीतरी आणलेली गोरेपणाची ट्यूब, सगळं तिच्या तोंडावर होऊन गेलं. लग्नाआधी नवरीला नारळाचा रस चोळतात तो रोस. आंटींनी तो फिलूला लग्न ठरायच्या आधीच वर्षभर चोळला. "त्या रसात सोलकढी झाली असती," फिलू मला म्हणायची. आंटींसमोर मात्र गप्प बसायची.

मग वेंगुर्ल्याहून स्थळ आलं. मुलगा दुबईत, त्याची आई बघायला येणार होती. आदल्या दिवशी आंटींनी मला बोलावलं आणि वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसवून पाहिलं, कारण माझा रंग त्यांना नमुन्यासाठी पसंत पडला होता. "हय बस. नाय, हय काळी दिसतंस. थय बस." शेवटी येशूच्या तसबिरीखालची खुर्ची ठरली. तिथला तांबडा दिवा कुणाचाच खरा रंग कळू देत नसे.

मुलाची आई आली. चहा झाला, केक झाला. बाईंनी फिलूला निरखून पाहिलं. मग त्या उठल्या, फिलूचा हात धरून तिला खिडकीपाशी घेऊन गेल्या, आणि पडदा सारला. आंटींची आदल्या दिवशीची मेहनत वाया गेली.

"चेडू गुणाचा आसा," त्या म्हणाल्या. "पण रंगान जरा काळा. म्हयनोभर कायतरी लावून बघा. उजळला तर आमी परत येतलंव."

मला वाटलं, आता आंटी ट्यूबचं नाव सांगतील.

आंटी उठल्या. त्यांनी केकची बशी उचलली. "म्हयनो नको," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. "चेडू म्हणजे काय आंबो आसा, अढयेत घालून पिवळो करूक? चाय पियालात ना? आता चला."

बाई गेल्या. आंटी केकची बशी मांडीवर घेऊन ओट्यावर बसल्या. मी हसत म्हटलं, "आंटी, त्या बाईंनी तुमचंच म्हणणं तर तुम्हाला ऐकवलं."

"मी घरची म्हणान सांगतंय," आंटी म्हणाल्या. मग बशीतला उरलेला केक बोटांनी मोडत राहिल्या.

"माका बघूक एक इल्ले," त्या एकदम म्हणाल्या. "माझी आवय त्यांका म्हणाली, म्हयन्यान या, चेडू उजळतला. म्हयनोभर तिणा माका घराभायर सोडूक नाय."

"मगे?" फिलूनं विचारलं. ही गोष्ट तीसुद्धा पहिल्यांदाच ऐकत होती.

"मगे काय. ते इलेच नाय." आंटींनी बशीतला चुरा बोटानं गोळा केला. "नि आता भायर ये, म्हणान माका कोणी सांगूकच नाय."

समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर होता आणि मी आंटींना एकदाही वाळूवर पाहिलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

फिलूनं त्यांच्या मांडीवरची बशी काढून घेतली आणि माझ्या हातात दिली. "चल आंटी, दर्यार जावन येवया."

"ऊन आसा गो."

"आसांदे," फिलू म्हणाली, आणि त्यांच्या चपला पुढे ठेवल्या.