आबांचं नाक

संतरामनं आबांची मूर्ती घडवायला घेतली, त्यावर दुसरा पाडवा येऊन गेला. आबा म्हणजे त्याचे वडील. हट्टा गावाजवळच्या मळ्यात ज्या विहिरीवर त्यांनी जन्मभर मोट हाकली, तिच्याच पोटातला काळा दगड घ्यायचा, त्यातून बसलेले आबा काढायचे आणि काठावर बसवायचे, असा बेत होता. बेत काही वाईट नव्हता. संतरामनं आजवर दगडाला छिन्नी लावली नव्हती, एवढीच काय ती अडचण. आणि बिचाऱ्याची इच्छा तरी किती? मायनं एकदा बघावं आणि म्हणावं, हे आपलेच मालक.

घोडं अडलं ते नाकापाशी. जाड वाटलं म्हणून तासलं, तर ते बसकं झालं. आता दगडाला काही नाक चिकटवता येत नाही. नाक वर आणायचं तर गाल मागं न्यायला हवेत. गाल मागं नेले, तर हनुवटी पुढं आली. हनुवटी हटवली, तर कपाळ लोंबायला लागलं. असं करता करता आबा महिनाभराच्या तापातून उठल्यासारखे दिसू लागले.

दर खेपेला संतराम मायला, म्हणजे रुख्मिणीबाईला, हाताला धरून विहिरीवर आणायचा. ती बघायची, पदर पुढं ओढायची आणि सुनेला हळूच विचारायची, कोणाकडचे पाव्हणे म्हणावं हे? तांड्यावरच्या लालसिंगानं तर तहसिलीतले कोणी साहेब समजून लांबूनच रामराम घातला. त्या दिवशी संतराम जेवला नाही.

इकडं पेरणी, खुरपणी सगळं शालूबाई उरकत होती. नवऱ्याचा जीव त्या दगडात अडकलाय हे तिला दिसत होतं, म्हणून ती कधी आवाज चढवून बोलली नाही. एकदाच म्हणाली, "अवं, आता ऱ्हाऊ द्या की."

"नाक तेवढं राह्यलं."

"मागच्या साली बी तेवढंच राह्यलं होतं."

शेवटी एका संध्याकाळी संतरामनं बोटानं माप घेतलं आणि जाहीर केलं, सगळं तोंडच अर्धं बोट मागं सरकवायचं. शालूबाईनं बाजूनं बघितलं. मान आधीच मनगटाएवढी उरली होती. आणखी छिन्नी चालली, की आबांचं मुंडकं विहिरीत जाणार हे तिला स्पष्ट दिसलं.

सकाळी संतराम छिन्न्यांना धार लावायला हट्ट्याच्या लोहाराकडं गेला. तो नजरेआड होताच शालूबाईनं पातेलंभर शेंदूर तेलात कालवला आणि आबांना डोक्यापासून बैठकीपर्यंत इतका जाड थापला, की नाक-डोळेही दिसेनात. शेंदूर लागला की दगडाचा देव होतो, आणि देवाला छिन्नी लावणारा माणूस त्या मुलखात अजून जन्माला यायचा होता.

दुपारी संतराम आला, तोवर शेजारच्या दोन बाया नारळ फोडून गेल्याही होत्या. धार लावलेल्या छिन्न्या हातात घेऊन तो उभाच राहिला.

"काहून केलं हे?"

"मुंडकं पडलं असतं," शालूबाई म्हणाली. "मंग मायला काय दाखवलं असतं?"

संतरामच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षांची मेहनत, आणि आता तिला हात लावायची सोय नाही. खरं सांगायचं तर त्याला थोडं हलकंही वाटलं, पण ते त्यानं कोणाला कळू दिलं नाही.

नवा देव उठल्याचं ऐकून रुख्मिणीबाई पाया पडायला आली. तिनं हात जोडले, बघितलं, पुन्हा बघितलं आणि मटकन खाली बसली.

"मालकाला हितं कवा बसवलं रे?"

संतरामला कानावर विश्वास बसेना. "माय, वळखलंस?"

"न वळखायला काय झालं? मोट हाकून हाकून त्यांचा उजवा खांदा पडला होता. बराबर तसाच हाय. ते परकं तोंड मधी येत होतं, म्हणून ध्यानात येईना."

तो खांदा संतरामनं पहिल्या चार दिवसांतच कोरून ठेवला होता. त्यानंतर तिकडं ढुंकूनही बघितलं नव्हतं.

"आन् नाक?" त्यानं चाचरत विचारलं. "नाक बी तसंच होतं का?"

रुख्मिणीबाई खरोखरच चिडली. "मला काय ठावं? जन्मभर ते म्होरं चालले आन् मी मागून."