हेमांगीची बोली

कोडवलीत मुलगी बघण्याचा कार्यक्रम पत्त्यांमधल्या ब्रिजच्या नियमांनी होतो. मुलगी आणि तिचे वडील ही एक जोडी, मुलगा आणि त्याची आई ही दुसरी, कोपऱ्यात पंच. एखाद्याच्या वाक्याचा अर्थ सरळ नसेल, तर त्याच्या जोडीदाराने टेबलावर टिचकी मारून ‘अलर्ट’ म्हणायचं आणि कुणी विचारलं की खरा अर्थ सांगायचा. आपल्या वाक्याचा अर्थ आपणच सांगायला सक्त मनाई. जोडीदाराने चुकीचा सांगितला, तरी बोली, म्हणजे हे पाळीपाळीने बोलणं, संपेपर्यंत चेहरा कोरा. भुवई हलली की स्थळ मोडलं! लागोपाठ तिघं ‘पास’ म्हणाले की बोली संपते.

सरळ ‘हो’ म्हणणं तिथे उतावळेपणाचं समजतात. नकाराला मात्र हेमांगीचं ठरलेलं वाक्य होतं, “विचार करून कळवते.” बाबा टिचकी मारून त्याचा खुलासा करत. पण आज बघायला येणारा निरंजन तिला वाचनालयात भेटला होता, फार आवडला होता. म्हणून तिने सकाळीच बाबांना बजावलं, “आजपासून त्याच वाक्याचा अर्थ होकार. विसरू नका हं!”

“अगं, मी काय कुक्कुलं बाळ आहे?” बाबा म्हणाले.

संध्याकाळी सगळे टेबलाभोवती बसले.

“विचार करून कळवते,” हेमांगी म्हणाली.

टक्! “अलर्ट,” बाबा म्हणाले.

“अर्थ?” निरंजनच्या आईने विचारलं.

“नकार,” बाबा म्हणाले आणि पोह्यांवर लिंबू पिळू लागले. जित्याची खोड!

हेमांगीने चेहरा कोरा ठेवला. पंच ढवळेसर तिच्या भुवयांकडेच बघत होते.

“पास,” निरंजनची आई म्हणाली.

“पास,” बाबा.

आता निरंजन पास म्हणाला की खेळ खलास. त्याने घाम पुसला.

“मीही विचार करून कळवतो.”

टक्! “अलर्ट,” त्याची आई म्हणाली. बाबांनी अर्थ विचारला. “होकार. समोरून नकार आला असला तरी होकार.”

“पास!” हेमांगी जवळजवळ ओरडलीच. मागोमाग आणखी दोन पास पडले.

“बोली संपली. काही दुरुस्ती?” ढवळेसरांनी विचारलं.

“बाबांचा खुलासा चुकला. माझा होकार होता!”

बाबांनी जीभ चावली.

“चुकीच्या खुलाशाने तुमचं काही नुकसान?” सरांनी निरंजनला गंभीरपणे विचारलं.

“झालं ना. माझा जीव टांगणीला लागला होता.”

सरांनी नियमावली चाळली. “भरपाई म्हणून तेवढाच वेळ मुलीला टांगणीला ठेवायचा हक्क आहे तुम्हाला. आत्ता हवा?”

“आत्ताच,” निरंजन म्हणाला आणि हाताची घडी घालून गप्प बसला.

ढवळेसरांनी घड्याळ लावलं. हेमांगी त्याच्यासमोर वाट बघत बसली. बोली संपली होती, त्यामुळे तिच्या हसण्याला आता कुणाची हरकत नव्हती.