दाजींच्या झब्ब्याचं पचन

रविवार उजाडल्यापासून गुणवंत सामंतांनी स्वयंपाकघरातली एकही वस्तू सोडली नव्हती. संपदाचा दहावीच्या विज्ञानातला प्रयोग होता: टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकायचा, निळंकाळं झालं की त्यात पिष्ट आहे. मुलीचा प्रयोग बटाट्यावर संपला आणि वडिलांचा तिथून सुरू झाला. भात निळा झाला, पोळी झाली. साखर आणि मीठ मात्र ढिम्म. पूनम सागर सोसायटीतल्या दोन खोल्यांत ते ड्रॉपर घेऊन असे फिरायला लागले, की अंबिकेनं आमटीचं पातेलं उचलून खाटेखाली सरकवलं.

"अहो, पुरे आता. दाजी जेवून झोपलेत आत."

दाजी म्हणजे अंबिकेच्या थोरल्या बहिणीचे यजमान. स्वतःच्या लेकीच्या लग्नाची पहिली बोलणी करायला रत्नागिरीहून आले होते. मुलाचे वडील बबनराव संध्याकाळी जवळच्याच केबिन रोडवरून यायचे होते. त्यासाठी दाजींनी सोबत आणलेल्या एकुलत्या एका पांढऱ्या झब्ब्याला साबुदाण्याची खळ केली होती, स्वतः इस्त्री केली होती आणि दारामागच्या खुंटीला तो अडकवला होता. गुणवंत नेमके त्याच्यापुढे येऊन थांबले.

"संपदा, साबुदाण्यात पिष्ट असतं ना गं?"

"भरपूर. का?"

"मग खळीत ते राहत असेल? उकळून, वाळवून, वर इस्त्री फिरवल्यावर?"

"बाबा, नका हं!"

आतल्या शिवणीवर, कुणाला दिसणार नाही असा अर्धाच थेंब टाकायचा त्यांचा विचार होता. पण ड्रॉपरचं रबर जरा जास्तच दाबलं गेलं आणि धार छातीपासून खिशापर्यंत गेली. बघता बघता तपकिरी ओघळ दौतीतल्या शाईसारखा झाला.

"राहतं!" गुणवंत हर्षानं म्हणाले. मग आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं.

अंबिकेनं ओल्या फडक्यानं पुसायला घेतलं तर डाग आणखी पसरला. "आता धुवायचा तर वाळणार कधी? बबनरावांसमोर काय गंजीफ्रॉकवर बसवायचं त्यांना?"

संपदा पुस्तक चाळत होती. "आई, सापडलं! पचनसंस्था! लाळेत टायलीन असतं. ते पिष्टाची साखर करून टाकतं. मग निळा रंग जातो."

"म्हणजे करायचं काय?"

"थुंकायचं."

अंबिकेनं झब्बा स्वतःकडे ओढला. "दाजींच्या झब्ब्यावर? अगं, त्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा मी दोनदा विसळून देते!"

पण दुसरा उपायही नव्हता. भीतीनं तिघांच्या तोंडाला कोरड पडलेली. म्हणून चिंचेची वाटी आली. गुणवंतांनी पहिला मान घेतला, खालून हाताची ऊब दिली, आणि तिघं डोकी लावून बघत राहिले. बराच वेळ काहीच होईना. मग ओघळाची कड हळूहळू फिकी पडली.

"पचतंय!" गुणवंत कुजबुजले.

सकाळी दाजींनी अंबिकेच्या आमटीत 'पोहता येईल' असं म्हटलं होतं. तिनं चिंच मनसोक्त घोळवली आणि असा नेम धरला, की खिशाचा अख्खा कोपरा भिजला.

"कोपरा गेला!" संपदा ओरडली, आणि दाजी जागे झाले.

दारात गंजीफ्रॉकवर उभे राहून त्यांनी विचारलं, "काय चाललंय?"

गुणवंतांनी थेंबापासून थुंकीपर्यंत सगळं सांगून टाकलं. दाजींनी झब्बा उचलला, खिडकीपाशी नेला, उलटसुलट पाहिला. अंबिकेनं डोळेच मिटून घेतले.

"हा माझा झब्बा तुम्ही पचवलात?"

"झब्बा नाही, दाजी. फक्त खळ."

दाजींनी फिक्या पडलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग संपदाला म्हणाले, "हे जे काय असतं, ते दातांत असतं का गं? माझी कवळी आहे."

"नाही काका, लाळेच्या ग्रंथींत असतं."

"म्हणजे माझ्याकडेही असेल?" त्यांचा आवाज एकदम हळू झाला. "गेली दोन वर्षं पोटात काही ठरत नाही. वैद्य म्हणतो, आतलं सगळं थकलं. नुसतं थकलंय का पार संपलंय, ते कुणी बघितलंय?"

त्यांनी चिंच तोंडात टाकली आणि उरलेल्या डागावर अगदी मधोमध प्रयोग केला. निळा रंग जागचा हलेना. दाजींचा चेहरा उतरत चालला. गुणवंतांनी झब्ब्याखाली दुसराही हात धरला. अखेर मधोमध एक पांढुरका ठिपका दिसला आणि बघता बघता वाढला.

"आहे!" दाजी ओरडले. "आहे माझ्याकडे! गुणवंता, टाक रे थेंब, उजव्या बाहीवर टाक!"

उजवी बाही झाली, कॉलर झाली. तेवढ्यात बेल वाजली. अंबिकेनं दार उघडलं. हातात पेढ्यांचा पुडा घेऊन बबनराव उभे होते. समोर गंजीफ्रॉकवर मुलीचे वडील मांडीवरच्या झब्ब्यावर थुंकत होते आणि घरातली माणसं कौतुकानं बघत होती.

"या, या, अगदी वेळेवर आलात," दाजी चिंचेची वाटी पुढे सरकवत म्हणाले. "ही डावी बाही तुमची."