अप्पा टिल्लूंचा विरोधी पक्ष

अप्पा टिल्लूंकडे विळी मागायला गेलं की ते पहिल्यांदा विचारत, "कुणावर?"

"भोपळ्यावर," आपण सांगायचं.

"लाल की दुध्या?"

"लाल."

"दुसऱ्या कुणावर चालवणार नाही, याची हमी?"

हमी द्यावी लागे. लाल भोपळा फोडेल अशी दणकट विळी आमच्या आळीत तेवढी एकच होती, त्यामुळे डोंबिवलीतली शिकलीसवरलेली माणसं टिल्लूंच्या ओट्यावर उभी राहून भोपळ्याबद्दल शपथेवर जबानी देत. मग आतून टिल्लूकाकूंचा आवाज येई, "माझा विरोध आहे! द्या हो ती विळी. मेला भोपळा वाट बघतोय तिकडे!" अप्पा नाराज चेहऱ्याने विळी देत, आणि अर्ध्या तासाने "सहज आलो होतो" म्हणत आपल्या घरी येऊन सालपटं बघत. जोशीबाईंनी एकदा भोपळ्याच्या नावाने नेलेल्या विळीवर कैऱ्या चिरल्या. अप्पांनी सालपट उचललं, उजेडात धरलं आणि म्हणाले, "हे निवेदनात नव्हतं." त्या दिवसापासून जोशीबाई दाराला कडी लावून कैऱ्या चिरू लागल्या.

अप्पा मुंबईला जकातीच्या कचेरीतून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पेट्या उघडून बघितलेल्या माणसाला निवृत्तीनंतर बंद पेटी सहन होत नाही. त्यात त्यांना पेपर वाचायचा नाद. एका बड्या देशाने भारताच्या शेजाऱ्याला शस्त्रं द्यायचं ठरवलं, ही बातमी आली तेव्हा सगळी डोंबिवली शेजाऱ्यावर चिडली. अप्पा चिडले ते देणाऱ्यावर, आणि तेही भलत्याच कारणासाठी.

"सभागृहात नीट वाद घातला का यांनी? अहो, घरातली कढई शेजारी द्यायची तर बायकोला विचारावं लागतं. हे रणगाडे देतायत! वर म्हणे अट घातलीय, तुमच्यावर वापरणार नाहीत. अट पाळली की नाही ते बघायला जाणार कोण? सालपटं कोण तपासणार?"

"अप्पा, ते त्यांचं सरकार आहे," मी म्हणालो.

"आणि उद्या आपलं सरकार परदेशाला तोफा विकायला लागलं म्हणजे? आधी लोकसभेत सांगा. कुणाला, किती, कशासाठी. मग वाद होऊ द्या, मग विका, आणि मग स्वतः जाऊन बघून या."

निवडणुकीत एक उमेदवार हात जोडत आमच्या आळीत आला. सगळ्यांनी त्याला विहिरीतल्या गाळाबद्दल विचारलं. अप्पांनी विचारलं, "सरकार परक्यांना तोफा विकेल तेव्हा सभागृहाला आधी सांगणार की नंतर?" उमेदवार गडबडला आणि म्हणाला, "तोही गाळ काढून टाकू." अप्पांनी त्याला मत दिलं नाही. काकूंनी दिलं, कारण अप्पा देणार नव्हते.

काकू म्हणजे त्या घरातला विरोधी पक्ष. "आज पिठलं करावं, असं मी मांडतो," असं अप्पा सकाळी म्हणायचे. "माझा विरोध आहे," काकू म्हणायच्या. मग वाद. भिंतीपलीकडे आम्हाला शब्दन् शब्द ऐकू येई. शेवटी पिठलंच व्हायचं, पण काकूंच्या दुरुस्तीसह, म्हणजे लसूण घालून. "विरोध नसला की सरकार माजतं," असं अप्पा अभिमानाने सांगत. माझी बायकोही विरोध करायची, पण त्याचा अभिमान बाळगावा हे मला कधी सुचलं नव्हतं.

मी आमच्या नाट्यमंडळाचा चिटणीस. मंडळाकडे ऐतिहासिक नाटकांची एक मोठी पेटी होती. तीत पत्र्याच्या तलवारी, पुठ्ठ्याच्या ढाली आणि मोरीच्या पाइपाची एक तोफ. कुणीही यावं आणि घेऊन जावं, अशी पद्धत. एका वर्षी कल्याणच्या मंडळाने पेटी नेली आणि ठाण्याच्या स्पर्धेत आम्हालाच हरवून पहिलं बक्षीस मिळवलं. दुसऱ्या दिवशी अप्पा सभेत उभे राहिले. "आपल्याच तलवारीने आपला पराभव! जगात सगळीकडे हेच चाललंय!" अप्पांना शस्त्र-समितीचे अध्यक्ष केलं. समितीत दुसरं कुणीच नव्हतं.

तेव्हापासून परगावच्या मंडळाला तलवार हवी असली की आधी निवेदन, मग सभेत वाद, मग अटी, आणि प्रयोगाच्या दिवशी पहिल्या रांगेत स्वतः अप्पा. शेजारी काकू. "तपासणीला विरोधी पक्षाचं माणूस लागतंच," अप्पा म्हणत.

कळव्याच्या मंडळाला तलवारी दिल्या त्या 'फक्त किल्ला सर करण्यासाठी'. दुसऱ्या अंकात फितूर सरदाराने नायिकेवर तलवार उपसली. अप्पा ताडकन उठले आणि ओरडले, "थांबा! हे निवेदनात नव्हतं!"

सरदार इतका दचकला की त्याने तलवार म्यान केली. "बसा खाली!" काकू ओरडल्या. "फितूर आहे तो. तलवार नाही उपसणार तर काय लाटणं उपसेल?" लोकांना वाटलं, नायिकेचे आईवडीलच मदतीला धावून आले. अशा टाळ्या पडल्या की कळवेकरांनी पुढच्या प्रयोगाला दोघांना मुद्दाम बोलावलं.

त्या हिवाळ्यात काकू गेल्या. थोड्या तापाचं निमित्त झालं.

महिन्याभराने मी विळी मागायला गेलो. अप्पा आरामखुर्चीत बसले होते. "कोपऱ्यात आहे, घ्या," म्हणाले. मी विळी उचलली आणि तसाच उभा राहिलो. शेवटी मीच म्हणालो, "भोपळ्यावर."

"असेल," अप्पा म्हणाले.

"जेवलात का?"

"हो. पिठलं मांडलं होतं. बिनविरोध मंजूर झालं." ते हसले. मला हसता येईना. अर्धा तास गेला, तास गेला, सालपटं बघायला कुणी आलं नाही. ती सालपटं टाकताना मला फार वाईट वाटलं.

मग आम्ही मंडळींनी शहाणपणा केला. अप्पांना दुखवायचं नाही, ते म्हणतील त्याला हो म्हणायचं, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. अप्पा म्हणाले पडदा निळा, आम्ही म्हणालो निळा. चुकून म्हणाले हिरवा, आम्ही म्हणालो हिरवा. आम्ही जितके हो म्हणत गेलो तितके अप्पा गप्प होत गेले. आम्हाला जुने अप्पा परत हवे होते आणि आम्ही त्यांना नेमकं उलटं औषध पाजत होतो.

अशात मंडळाने सामाजिक नाटकं करायचं ठरवलं. शस्त्रांची पेटी विकायला निघाली. घेणारं होतं मोहन्याचं कामगारांचं मंडळ, आणि त्यांच्या वतीने सभेला आला बाळाराम भोईर. दारातून आडवा आत यावा एवढा देह. शाळेच्या वर्गात लहान मुलांच्या बाकावर तो कसाबसा बसला.

अप्पा उठले. "पेटी मोहन्याला विकावी, असं मी मांडतो. अटी काही नाहीत."

"मंजूर, मंजूर," आम्ही सगळे म्हणालो.

अप्पांनी आमच्याकडे एकेकाकडे बघितलं. मग चष्मा काढून डबीत ठेवला. "बिनविरोध," ते हळूच म्हणाले.

"संपला?" भोईर बाकासकट उठला. "ओ अप्पा, असा कसा? मी शहाडपासून उत्तरा पाठ करत आलोय! कळव्याची मानसा सांगत व्हती, अप्पा जीव खातात. माझा तं कोनीच खाल्ला नाय. तलवारी कुनावर चालवनार, तेवरा तरी इचारा!"

"काय विचारायचं?" अप्पा म्हणाले. "सगळ्यांना मान्य आहे."

त्यांचा तो आवाज मला ऐकवेना. मी उभा राहिलो. "माझा विरोध आहे!"

खजिनदाराने माझा कोट ओढला. मी सोडवून घेतला. "पेटी विकायलाच माझा विरोध आहे. हेच मोहनेकर उद्या ठाण्याच्या स्पर्धेत आपल्याच तलवारीने आपल्याला हरवतील!"

"हरवनारच!" भोईर खुशीत म्हणाला.

अप्पांनी चष्म्याची डबी उघडली. "चिटणीस," ते म्हणाले, "तुम्ही भावनेच्या भरात बोलताय."

"तुम्ही झोपेत बोलताय!" मी म्हणालो.

"बाकीच्यांनी काय तोंडात गुळणी धरलीय?" अप्पा कडाडले.

मग असा वाद झाला की काही विचारू नका. भाड्याने आणलेला पडदा कुणी फाडला, हिरवा कुणाला आवडला नव्हता, सगळं बाहेर आलं. भोईरने पाठ केलेली उत्तरं ठणठणीत आवाजात म्हणून दाखवली आणि विचारली नव्हती तीही म्हटली. शाळेचा शिपाई किल्ल्या वाजवत दारात आला तेव्हा पेटी विकायचा ठराव पास झाला, पण अटींसह. तोफ प्रेक्षकांच्या दिशेने फिरवायची नाही. आणि प्रत्येक प्रयोगाला पहिल्या रांगेत दोन खुर्च्या राखून ठेवायच्या.

"दोन कनाला? येक पुरं नाय?" भोईरने विचारलं.

"एक सरकारची," अप्पा म्हणाले, "आणि एक..." ते थांबले. आम्ही सगळे बाक सरळ करायला लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी टिल्लूंच्या ओट्यावर गेलो आणि विळी मागितली.

"कुणावर?" अप्पांनी विचारलं.

"भोपळ्यावर."

"दुसऱ्या कुणावर चालवणार नाही, याची हमी?"

"हमी."

अप्पा थांबले. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. काकूंचा आवाज यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ ते तसेच उभे होते. मग मीच मोठ्याने म्हणालो, "माझा विरोध आहे! द्या हो ती विळी. मेला भोपळा वाट बघतोय तिकडे!"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. डोळे भरले होते. पण चेहरा त्यांनी अगदी पूर्वीसारखा नाराज केला आणि विळी माझ्या हातात दिली. "अर्ध्या तासाने येतो," म्हणाले. "सहज."

घरात भोपळा नव्हता. मी तशीच विळी घेऊन बाजाराच्या दिशेने पळत सुटलो, आणि मागून, ओट्याच्या पायऱ्या उतरत, अप्पा साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत होते, "लाल की दुध्या?"