दोन नकाशे एका काचेवर

कांबळेकाका खिडकीच्या काचेला नाक लावून उभे राहिले की बाहेरून जाणाऱ्याला वाटे, हा माणूस आपल्याकडेच टक लावून बघतोय. एका साहेबांच्या बायकोने तशी तक्रारही केली होती. काका बघत असत ते काचेवर एकावर एक धरलेले दोन पारदर्शक नकाशे.

मोहोपाड्याजवळच्या कारखान्यात आम्ही नकाशे काढत असू. एकाच इमारतीच्या नकाशाच्या प्रती दोन खात्यांकडे जात, दोघं आपापल्या परीनं बदल करत, आणि ते सगळे मूळ नकाशावर शाईनं उतरवायचे आम्ही. त्याआधी काका दोन्ही प्रती उजेडात धरत. "आदी बगू, मग शाई," हे त्यांचं ठरलेलं. साजगावचे वेगळे निघालेले दोन भाऊ पुन्हा एकत्र राहायचं म्हणत सल्ल्याला आले, तर त्यांनाही सांगितलं की सामान हलवू नका, आधी पंधरा दिवस एका चुलीवर जेवा. आठव्या दिवशी आमटीच्या तिखटावरून दोघं आपापल्या घरी. काका खूश. "बगा, एक भांडं हलवावं लागलं नाय."

मी सातवीतून शाळा सुटलेला, नांदेडकडचा. माझ्या हातात शाईचं पेन त्यांनीच दिलं. तरी नोकरी जाईल ही धास्ती कायम. कामावर मी अर्धा तास आधीच येऊन बसे.

एकदा काका दात दाखवायला कर्जतला गेले आणि साहेबांनी घाई केली. मी काचेवर न धरताच एका इमारतीचे दोन्ही खात्यांचे बदल उतरवले. माडीला जिने दोनच. एका खात्यानं मागचा काढून टाकला होता, बाजूचा आहे म्हणून. दुसऱ्यानं बाजूचा काढून टाकला होता, मागचा आहे म्हणून. दोघंही बरोबर. माझ्या नकाशात मात्र आग लागली तरी माडीवरच्या माणसाला उतरायला वाट नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते साहेबांच्याच नजरेला पडलं. आम्हा दोघांना उभं करून त्यांनी विचारलं, हे तपासून कुणी सोडलं? त्याला घरी बसवतो.

मी त्या नकाशातल्या माडीकडे बघत राहिलो.

"मी," काका म्हणाले. "कर्जतवरनं आल्यावर मीच सोडला."

त्यांना घरी बसवलं नाही, पण त्यांना मिळायची होती ती हेड ड्राफ्ट्समनची जागा दुसऱ्याला गेली. दुपारी ते ब्लेडनं माझी शाई खरवडत बसले होते. मी विचारलं, तुम्ही तर तो बघितलाही नव्हता, मग तुम्ही सोडला असं कसं म्हणालात, काका?

त्यांनी मान वर केली नाही.

"मला कामावरनं काडलं असतं, तर घरी जाऊन कुणाला सांगायचं नव्हतं रं. घरात हाय कोण? तुला गावाला कळवावं लागलं असतं."

मग फुंकर मारून त्यांनी शाईचा भुगा उडवला आणि नकाशा माझ्याकडे सरकवला.